खुर्चीतून उठून परत बसायला १९ सेकंद

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण ओपीडीत वजनकाट्याशेजारच्या लहान टेबलावर बसणाऱ्या सिस्टर म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आई ७४ वर्षांची. अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तिला दुसरीकडे दाखवलं होतं. तिथे फाइल चाळली, आईकडे एकदा बघितलं आणि "तब्येत चांगली आहे, पूर्ण डोस झेपेल" म्हणून केमोची तारीखही दिली. जेमतेम पाच मिनिटं. त्यांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही, कारण आम्हीच ठासून सांगत होतो, "आमची आई रोज पहाटे काळारामाला चालत जाते." मामांनी हट्ट धरला म्हणून दुसरं मत घ्यायला तुमच्याकडे आलो.

तुम्ही पंचवटीच्याच असाव्यात. आम्ही तेच पालुपद लावलं, तर आमच्याकडे न बघता तुम्ही आईला विचारलंत, "आजी, देवळाच्या पायऱ्या शेवटच्या कधी चढलात?"

आई गप्प. मग म्हणाली, "झाले असतील दोन महिने. फुलवालीपाशी बसते थोडा वेळ. येते मग घरी."

मी शेजारीच बसले होते. दोन महिने ती रोज आंघोळ करून, पिशवी घेऊन बाहेर पडत होती आणि प्रसादाचं विचारलं की "आज गर्दी होती गं" म्हणत होती. मला काहीही कळलं नव्हतं.

त्यानंतरचा पाऊण तास मी विसरणार नाही. आधी आठ प्रश्न: जेवण, वजन, चालणं, औषधं असे. १७ पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण आले की नीट तपासायचं, असं तुम्ही म्हणालात. आईला ११ मिळाले. तीन महिन्यांत सहा किलो वजन गेलं होतं. हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकत होत्या, त्या तुम्ही बोटाने वर ढकलून मला दाखवल्यात. आम्ही त्याला "उपास फार करते" म्हणत होतो.

मग खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. धडधाकट माणूस हे दहा-बारा सेकंदांत करतो. आईला १९ लागले, आणि उठताना दोन्ही हात टेकावे लागले. घड्याळ काढायला सांगितलंत, अकरा वाजून दहा मिनिटं. चौथी शिकलेल्या आईने काटे अगदी बरोबर काढले आणि वर विचारलं, "चावी द्यायची का?" आधी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी केळं आणि खुर्ची आठवली, सूर्योदय राहिला. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, हे तुम्ही लगेच सांगितलंत, नाहीतर ती रात्रभर सूर्योदय घोकत बसली असती.

सगळ्यात मोठा घोळ निघाला गोळ्यांच्या पिशवीत. "घरात जेवढी पाकिटं आहेत तेवढी सगळी आणा," असं तुम्ही फोनवर बजावलं होतंत. त्यात बीपीचं ॲम्लोडिपिन दोन वेगळ्या नावांनी होतं, दोन डॉक्टरांनी लिहून दिलेलं, आणि आई दोन्ही इमानेइतबारे घेत होती. शिवाय ओळखीच्या मेडिकलवाल्याकडची झोपेची गोळी. झोपवून आणि उभं करून बीपी बघितलंत, तर उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसहून जास्त उतरला. बाथरूममध्ये तिला दोनदा भोवळ आली होती, तीही आम्ही कॅन्सरच्याच खात्यावर टाकली होती. शुगरमुळे तळवे बधिर होतात का, हेही विचारलंत, कारण केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने तो त्रास वाढतो. होत होते.

आईने विचारलं, "हे सगळं कशासाठी?" तुम्ही म्हणालात, "फ्रेल्टी बघतोय आजी. वयाचा आकडा तर आधार कार्डावरही असतो. मला बघायचंय आत साठा किती उरलाय." आई म्हणाली, "म्हणजे कणगीत हात घालून बघायचं." तुम्ही हसलात, पण मला वाटतं यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं नसेल. वरून कणगी भरलेलीच दिसते.

त्या तपासणीवरून डॉक्टरांनी केमो दोन आठवडे पुढे ढकलली, आणि तीन आठवड्यांनी एकदम मोठा डोस देण्याऐवजी दर आठवड्याला थोडा थोडा द्यायचं ठरवलं. तेव्हा भाऊ चिडला होता. कॅन्सर थांबून राहणार आहे का, म्हणाला. तुमच्यावर आवाज चढवला, त्याबद्दल त्याच्या वतीने माफी मागते. नंतर मी वाचलं की २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता. सत्तरीपुढचे, कॅन्सर पसरलेले रुग्ण. ज्यांच्या डॉक्टरांच्या हाती अशी तपासणी दिली, त्यांच्यात केमोचे गंभीर त्रास ५१ टक्क्यांना झाले. दिली नाही तिथे ७१ टक्क्यांना. आणि जगण्यात फरक पडला नाही. भावाला तो कागद वाचायला दिला. काही बोलला नाही, पण पुढच्या खेपेला गाडी त्यानेच काढली.

ते दोन आठवडे आई ओट्याला धरून उठबस करायची, सकाळी पाच, संध्याकाळी पाच. एकादशी सोडायला तुम्ही लावलं नाहीत, म्हणून तिने तुमचं ऐकलं. भगरीबरोबर दाण्याची आमटी घट्ट करा, वर वाटीभर दही, एवढंच सांगितलंत. झोपेची गोळी हळूहळू बंद झाली. भोवळ गेली.

तळव्यांना मुंग्या येतात अजून. मधे एकदा पांढऱ्या पेशी उतरल्या, तेव्हा एक आठवडा डोस चुकला. पाटल्या कपाटातच आहेत, सुटतात म्हणते. देवळाच्या पायऱ्या अजून नाहीत, पण फुलवालीपाशी बसते आणि घरी येऊन तसं सांगते.

दोन डोस बाकी आहेत. सोमवारी येतोय, गोळ्यांची पिशवी घेऊन. आईने तुमच्यासाठी भगर निवडून ठेवली आहे, नाही म्हणू नका.

तुमच्या आजींची मुलगी
पंचवटी, नाशिक