डॉक्टर मॅडम, माझी भुवई वाढतेय

आदरणीय डॉक्टर मॅडम,

दर पंधरा दिवसांनी आरशासमोर उभी राहून मी डावी भुवई कातरते, तेव्हा तुमची आठवण येते. केस डोक्याच्या मागचे, भुवईत आले तरी डोक्यावरच्यासारखेच वाढणार, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं.

शिराळ्याकडच्या आमच्या गुऱ्हाळावर मी ९ वर्षांची असताना काहिलीतला उकळता रस अंगावर उडाला. तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. मान भाजली, कपाळ भाजलं, भुवई गेली. मानेला मांडीची कातडी लावली. कपाळावरचा वण मात्र कडक, चकचकीत राहिला. उन्हात सगळं तोंड घामानं भिजायचं, तेवढा तुकडा कोरडा. कुणी मलम सुचवायचं, कुणी ‘लग्नापर्यंत जाईल’ म्हणायचं.

बाविसाव्या वर्षी मिरजेला तुमच्याकडे आले ती कृत्रिम त्वचेचं विचारायला. बाहेर रांग असताना तुम्ही अर्धा तास दिलात. अमेरिकेत बर्क आणि यानस यांनी गाईचं कोलॅजेन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) आणि शार्कच्या कूर्चेतला पदार्थ वापरून १९८१ च्या सुमारास केलेल्या त्वचेबद्दल सांगितलंत. खूप भाजलेल्यांना ती जगवते, पण तिच्यात ना केसांची मुळं, ना घामाच्या ग्रंथी. तुझ्या भुवईला ती कामाची नाही, असं स्पष्ट बोललात.

मग आईकडे वळून म्हणालात, ‘तुमच्याकडं भाताची लागण करतात ना? रोप मुळासकट काढून दुसरीकडं लावायचं, तसंच हे डोक्यामागचे केस भुवईत लावायचे. वणात रक्त कमी पोचतं, म्हणून आधी विरळ लावू, काही महिन्यांनी पुन्हा.’ तेरा वर्षांत पहिल्यांदाच आई दवाखान्यात हसली. तिला सगळं कळलं होतं.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा २०२३ चा अभ्यासही सांगितलात. डोक्यावरच्या जुन्या वणांत केस लावले, तर सहा महिन्यांत वरचा थर जवळपास दुप्पट जाड झाला, रक्तवाहिन्या वाढल्या, कोलॅजेनची गच्च वीण सैल झाली. मी आशेनं बघत होते, तर लगेच म्हणालात, ‘माणसं तीनच होती. तुझ्या कपाळाचं मी वचन देणार नाही.’

मॅडम, इतकं खरं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. त्याच भरवशावर मी टेबलावर झोपले.

आता भुवईखालचा वण चिमटीत येतो. पूर्वी येत नव्हता. घाम अजून येत नाही, तेही तुम्ही सांगितलंच होतं.

पुढच्या महिन्यात तपासणीला येते. आईनं तुमच्यासाठी गुळाची ढेप बाजूला काढून ठेवलीय, आमच्याच गुऱ्हाळाची.

तुमची,
शिराळ्याची पेशंट