बंदी का घालत नाहीत, या बाबांच्या प्रश्नावर

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं की गोळीबारात एवढी शाळेतली पोरं मरतात तरी तिकडचं, अमेरिकेचं सरकार बंदुकांवर सरळ बंदी का घालत नाही, आणि मागून आई म्हणाली ते जाऊ दे, तुम्ही आता इकडेच या. दोन्हीची उत्तरं फोनवर देण्यासारखी नव्हती म्हणून सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय, लांबणार आहे, पण बाबा पूर्ण वाचतील आणि आईला वाचून दाखवतील हे माहितीय मला.

आधी बंदीचं. बाबा, इथं पिस्तुलांवर बंदी सरकारच्या मनात असली तरी घालता येत नाही. 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती आहे, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची. तो हक्क नागरी सैन्यापुरता की प्रत्येक माणसाचा यावर बरीच वर्षं वाद चालला, मग 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानं 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला की प्रत्येकाचा, आणि वॉशिंग्टन शहरानं घरात पिस्तूल ठेवायला केलेली बंदी उडवून लावली. आपल्याकडे मामाला त्या शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचं लायसन्स रिन्यू करायला ओरोसच्या कलेक्टर कचेरीत खेपा घालाव्या लागतात, रानडुकरं येतात हे कारण लिहून द्यावं लागतं, निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये थोडंफार असंच होतं, पिस्तूल घेऊन बाहेर फिरायचं तर खास कारण दाखवा असा शंभर वर्षांपेक्षा जुना कायदा होता, तो कोर्टानं जून 2022 मध्ये रद्द केला. का, तर हक्क वापरायला माणसानं कारण का सांगावं. आता निर्बंध आणायचा तर तो जुन्या काळापासूनच्या परंपरेत बसतो हे सरकारनंच कोर्टात दाखवून द्यायचं.

आणि हा निकाल कधी आला बघा. उवाल्डीच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या त्याला एक महिना पण झाला नव्हता. ते गाव आमच्याच राज्यात, टेक्ससमध्ये. पुढच्या वर्षी मे महिन्यात ॲलन शहरातल्या मॉलमध्ये गोळीबारात 8 जण गेले, तो तर आमच्या घरापासून जवळच, मरणाऱ्यांत भारतातून आलेलं माणूसही होतं, त्या रात्री आई तू किती वेळा फोन केलास. तेव्हापासून मी या विषयावर दोन्ही बाजूंचं ऐकते, मनापासून ऐकते, कारण मला इथं पोर वाढवायचंय.

आमच्या शेजारचे काका, ज्यांनी बाबांना मागच्या खेपेला ते अक्रोडासारखे पेकान दिले होते, ते पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. त्यांचं लहानपण रँचवर, गुरांच्या मोठ्या फार्मवर गेलं, तिथं शेरीफला म्हणजे पोलिसांना बोलवलं तर यायला अर्धा तास, रात्री कुणी आलं तर आपणच. ते म्हणतात सरकारवर भरवसा ठेव म्हणतेस तर उवाल्डी बघ, पावणेचारशे पोलीस जमले आणि 77 मिनिटं त्या वर्गात कुणी शिरलं नाही, आईबाप बाहेर ओरडत होते त्यांनाच अडवत होते. आणि 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका बाईच्या केसमध्ये सांगितलंय की नवऱ्याविरुद्ध कोर्टाची ऑर्डर असली तरी पोलिसांनी ती अमलात आणलीच पाहिजे असा घटनात्मक हक्क तुला नाही. त्या बाईच्या तीन मुली त्यानं मारल्या होत्या. मग काका विचारतात, जे सरकार माझं रक्षण करायला बांधील नाही त्यानं माझं हत्यार का काढून घ्यायचं? बाबा, यावर मला झटकन उत्तर सुचत नाही. हा प्रश्न मूर्खपणाचा नाहीये, आणि इथले माझे काही लिबरल मित्र तो मूर्खपणाचा आहे असं धरून चालतात तेव्हा मला त्यांचा राग येतो.

दुसरीकडे माझी ऑफिसातली मैत्रीण, कनेटिकटची. तिच्या राज्यात सँडी हूकच्या शाळेत डिसेंबर 2012 मध्ये पहिलीतली 20 मुलं गेली आणि 6 मोठी माणसं. त्यानंतर चार महिन्यांनी सिनेटमध्ये, म्हणजे इथल्या वरच्या सभागृहात, एक प्रस्ताव आला होता, फक्त एवढाच की गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या जत्रेत, किंवा ऑनलाइन जाहिरातीवरून विकतानाही बॅकग्राउंड चेक करा, घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासा. कारण 1993 च्या कायद्यानं चेक लागतो तो लायसन्सवाल्या दुकानदाराला, खाजगीत कुणी कुणाला विकली तर देशाच्या कायद्यात तो लागत नाही. 54 मतं बाजूनं पडली, तिथल्या नियमानं लागत होती 60, संपलं. ती म्हणते वीस लहान मुलं जाऊन एवढं साधं होत नसेल तर सरकार म्हणून उरतं काय, रस्त्यावर गाडी चालवायला लायसन्स, परीक्षा, इन्शुरन्स सगळं लागतं आणि टेक्ससमध्ये 2021 पासून पिस्तूल कमरेला लावून फिरायला परमिट पण लागत नाही. मला तिचंच म्हणणं जास्त पटतं, हे स्पष्टच सांगते. पण तीच मैत्रीण पोलिसांवर विश्वास ठेवता येत नाही असंही म्हणते, आणि काका सरकारवर भरवसा नाही म्हणतात पण पोलिसांच्या पाठीशी उभे राहा अशी पाटी त्यांच्या अंगणात आहे. सरकार कुठं हवं आणि कुठं नको याचा प्रत्येकाचा हिशोब वेगळा आहे, आणि टीव्हीवर मात्र तेच ते, एकजण स्वातंत्र्य म्हणतो दुसरा बंदी म्हणतो, मग जाहिरात लागते.

आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात जे खरं मोठं आहे ते राहूनच जातं. बाबा, हे तुम्हाला मुद्दाम लिहितेय. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीनं जवळपास 46,700 माणसं गेली आणि त्यातल्या 27,000 च्या वर आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त! शाळेतले, मॉलमधले हल्ले आपल्या टीव्हीवर पण दिसतात, पण मरणाऱ्यांत ते थोडे. जास्त आहेत ती घराच्या आत, आपल्याच माणसाच्या हाती आलेल्या बंदुकीनं गेलेली. रिटायर झालेले पुरुष, लष्करातून परत आलेले, आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं. यावर अभ्यास करायलाही पैसा मिळत नव्हता, 1996 मध्ये संसदेनं असं कलम घातलं की सरकारी आरोग्यसंस्थेचा पैसा गन कंट्रोलच्या प्रचारासाठी वापरायचा नाही, त्या भीतीनं संशोधनच जवळजवळ थांबलं, मग 2019 च्या शेवटी कुठं अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. मोजायचंच नाही हे मला कुठल्याच विचारसरणीत बसणारं वाटत नाही.

तुम्ही यवतमाळला होता तेव्हा मी आठवी-नववीत असेन. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा हे सांगत तुम्ही गावोगाव फिरायचात. मी तेव्हा विचारलं होतं की ज्याला जीव द्यायचाय त्याला कुलपानं काय फरक पडणार, कर्ज तर तसंच राहणार. तुम्ही म्हणालात कर्ज माझ्या हातात नाही, पण ती एक वेळ टळली तर माणूस बऱ्याचदा राहतो. इथं डॉक्टर लोक अगदी हेच सांगतात, तो विचार टोकाला गेलेला वेळ फार थोडा असतो आणि त्यातून जे वाचतात त्यातले बहुतेक पुढे आत्महत्येनं मरत नाहीत, पण बंदूक हाताशी असली की वाचायची संधी जवळजवळ राहतच नाही. श्रीलंकेनं सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकेक करत बंद केली आणि 1995 ते 2015 मध्ये तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण 70 टक्क्यांनी खाली आलं. मैत्रीणीला हे सांगितलं तर ती म्हणाली बघ, बंदीच लागते. काकांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले त्यांचा धाकटा भाऊ असाच गेला. त्यावर पुढे आम्ही कोर्ट, घटना काही बोललो नाही.

बंदी इथं होणार नाही, निदान पिस्तुलांवर तरी नाही. पण म्हणून सरकारला करण्यासारखं काहीच नाही असं जे बोललं जातं ते खोटं आहे. फ्लोरिडात फेब्रुवारी 2018 मध्ये पार्कलंडच्या शाळेत 17 जण गेले आणि साधारण तीन आठवड्यांत तिथल्या रिपब्लिकन गव्हर्नरनं, रिक स्कॉटनी, कायद्यावर सही केली, बंदूक विकत घ्यायला 21 वर्षं पूर्ण, मध्ये तीन दिवस थांबायचं, आणि कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय असं दिसलं तर पोलीस कोर्टात जाऊन त्याची बंदूक काही काळ काढून घेऊ शकतात. रेड फ्लॅग म्हणतात त्याला. उवाल्डीनंतर कनेटिकटचे डेमोक्रॅट सिनेटर मर्फी आणि आमच्या टेक्ससचे रिपब्लिकन सिनेटर कॉर्निन एकत्र बसले, आणि सिनेटमधले 15 रिपब्लिकन बाजूनं आले. त्यातून जो कायदा झाला त्यावर बायडेननी सही केली ती न्यूयॉर्कचा तो निकाल आला त्याच आठवड्यात. 21 च्या खालच्यांची जास्त कसून चौकशी, प्रेयसीला मारहाण करून शिक्षा झालेल्यावर निर्बंध, मानसिक आरोग्याला पैसा. कॉर्निनना त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनात लोकांनी हूट केलं. तरी मागे हटले नाहीत, मी त्यांना मत देत नाही पण याबद्दल त्यांना मानते.

रेड फ्लॅगवर काकांचा आक्षेप असा की गुन्हा केलेला नाही, खटला नाही, आणि बायकोनं किंवा भावानं भांडणात खोटं सांगितलं तर? हा आक्षेप ठीक आहे, म्हणून तर लवकर सुनावणी पाहिजे, वकील पाहिजे, खोटं बोलणाऱ्याला शिक्षा पाहिजे, मुदत पाहिजे. पण टेक्ससनं 2025 मध्ये उलटाच कायदा केला की असे आदेश आमच्या राज्यात चालणारच नाहीत. हे मला अजिबात पटत नाही. घरातल्यांना दिसतंय की बापाचं काही खरं नाही, आणि ते कुणाकडे जाऊ शकत नाहीत, यात कुणाचं स्वातंत्र्य वाढलं?

आता आमच्या घरचं. इथल्या आपल्या मराठी लोकांत पण गन घेणारे वाढलेत, सोन्यासाठी भारतीयांची घरं फोडल्याच्या बातम्या येतात ना, त्यामुळे. यांनी पण विचारलं होतं की घ्यावी का एक. मी नाही म्हणाले. चोर येईल तेव्हा येईल, पण घरात बंदूक आली की घरातल्यांचाच धोका वाढतो हे इतक्या अभ्यासांत परत परत आलंय की मला पोरीच्या शेजारच्या खोलीत ती नकोय. यांना पटलं. सोनं बँकेत ठेवलंय, आई, तुझ्या पाटल्या पण.

ईराच्या शाळेत लॉकडाऊन ड्रिल होतं, हल्लेखोर शिरला तर काय करायचं याची तालीम. दिवा बंद करून भिंतीशी गप्प बसायचं. ती घरी येऊन अगदी सहज सांगते, जसं आज चित्र काढलं तसं, आणि मला त्या सहजपणाचंच वाईट वाटतं. ती कुणाकडे खेळायला जाणार असली की मी त्या आईला आधीच विचारते की घरात गन आहे का, असली तर कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या आहेत का. पहिल्यांदा फार अवघड गेलं. आपल्याकडे कुणाच्या घरी जाऊन असं विचारणं म्हणजे त्यांच्यावर संशयच की. पण आजवर कुणी तोंड वाकडं केलं नाही, उलट बऱ्याच जणी म्हणाल्या बरं झालं विचारलंस, आणि यातल्या निम्म्या तरी रिपब्लिकनला मत देणाऱ्या असतील.

टेक्ससमध्ये मुलांच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा आहे, कायदा जुनाच आहे पण कितीतरी पालकांना माहीतच नाही. म्हणून आम्ही काही आया मिळून स्कूल बोर्डाकडे, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाकडे, मागणी करतोय की वर्षाच्या सुरुवातीला जे कागद घरी पाठवता त्यात हे एक पान घाला, आणि कुलपं फुकट वाटा. काका पण येतो म्हणालेत, बोलतो म्हणालेत तिथं. ते आले तर फार फरक पडेल, त्यांच्या तोंडून ऐकलं तर आम्ही लोकांच्या गन काढून घ्यायला निघालोय अशी कुणाला शंका येणार नाही.

आई, परत यायचं म्हणशील तर ते आम्ही दोघं बोलतोय, ईराची पाचवी होईपर्यंत ठरवू, पण भीतीनं निघून यायचं असं मला करायचं नाहीये. नागरिकत्व घेतलंय, मत देते, तर इथं जे चुकतंय त्यावर बोललंच पाहिजे.

आणि बाबा, तुमच्याकडून एक हवंय. बोर्डापुढे मला तीन मिनिटं मिळतील. यवतमाळला तेव्हा गावात लोक चिडायचे ना, आमच्या घरात काय ठेवायचं ते सरकारी माणसानं सांगू नये म्हणून, तर तुम्ही त्यांच्याशी सुरुवात कशी करायचात, काय बोललात की ते ऐकून घ्यायचे, ते आठवेल तसं लिहून पाठवा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज केला तरी चालेल. मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.

आईच्या गुडघ्याचं फिजिओवाल्यानं काय सांगितलं तेही कळवा.

तुमची,
मनू