टॉमी जॉन डॉक्टर नव्हेत, पेशंट!

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी क्रीडा पानावर बेसबॉलपटू शोहेई ओहतानीवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यात 'डॉ. टॉमी जॉन यांनी शोधून काढलेली कोपराची शस्त्रक्रिया' असं छापलंय. टॉमी जॉन डॉक्टर नव्हेत, ते पेशंट. बेसबॉलमधले डावखुरे पिचर (म्हणजे आपल्याकडचे बोलर) होते आणि कापलेलं कोपर त्यांचं स्वतःचं होतं. कापणारे डॉक्टर फ्रँक जोब. मी 34 वर्षं मिरजेत फिजिओथेरपी केली, म्हणून ते वाक्य खुपलं. एरवी बेसबॉलशी माझा संबंध इतकाच, की लेक अमेरिकेत असते आणि जावयाशेजारी सोफ्यावर बसून तीन उन्हाळे मी हा खेळ पाहिलाय. पहिल्या उन्हाळ्यात काही कळलं नाही.

जुलै 1974. जॉन तेव्हा लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळत होते. बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावर मांडतात, आणि त्या हंगामात त्यांच्या नावावर 13 विजय आणि फक्त 3 पराभव होते. माँट्रियलविरुद्ध चेंडू टाकताना कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट गेलं. आपल्याकडे बोलरनं कोपर वाकवून झटका दिला की पंच नो-बॉल देतात. पिचरचं सगळं उलटं. कोपर वाकवायचं, हात चाबकासारखा ओढायचा आणि 60 फूट 6 इंचांवर उभ्या असलेल्या फलंदाजाकडे चेंडू सोडायचा. ताण येतो तो आतल्या बाजूच्या एका छोट्याशा पट्टीवर. ती तुटली की त्या काळी पिचरनं घरचा रस्ता धरायचा. त्याच संघाचा पिचर सँडी कोफॅक्स यानं कोपराच्या संधिवातापायी 1966 मध्ये खेळ सोडला, तोही त्या हंगामात 27 विजय मिळवून. वय अवघं 30.

वाचकांनी एक करून पाहावं. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी वर येतं. लोक तिला शीर म्हणतात, पण ती कंडरा, म्हणजे स्नायूचं हाडाला जोडलेलं टोक. (काहींना ती जन्मतःच नसते. माझ्या डाव्या हाताला नाही आणि माझं काही अडलेलं नाही.) 25 सप्टेंबर 1974 रोजी डॉ. जोब यांनी जॉनच्या उजव्या हातातली ही कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि बाजेचं सुंभ ओवावं तशी ती त्यातून इंग्रजी आठच्या आकड्यात ओवली. पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. पुढे कोपरातल्या नसेनं त्रास दिला, बोटं पंजासारखी आखडली, आणि डिसेंबरात पुन्हा टेबलावर जावं लागलं.

यानंतर आलं 1975. जॉनच्या कारकिर्दीच्या तक्त्यात हे वर्षच नाही. एकही सामना नाही. माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द त्या कोऱ्या ओळीत आहे. डॉक्टरांचं काम काही तासांचं. पुढचे दीड वर्ष बोटं उघडायची, मिटायची, चेंडू धरायचा, तो सुटायचा, पुन्हा धरायचा. याला टाळ्या नसतात. आमच्या खात्यात तर पंखाही धड फिरत नसे. माझ्याकडे तासगावकडचा एक भालाफेक करणारा मुलगा यायचा. कोपराचंच दुखणं. आल्या आल्या विचारायचा, "मॅडम, भाला कधी?" मी म्हणायचे, आधी तांब्या उचल. पाचव्या आठवड्यात यायचा बंद झाला. सात महिन्यांनी वडील घेऊन आले तेव्हा कोपर सरळ व्हायला 20 अंश कमी पडत होते. भाला सुटला तो सुटलाच. त्याच्यावर राग नाही माझा. सोळा वर्षांच्या पोराला दीड वर्ष म्हणजे जन्म वाटतो.

जॉन एप्रिल 1976 मध्ये परतले. त्या वर्षी 10 विजय, 10 पराभव. 1977 मध्ये 20 विजय. मग न्यूयॉर्क यँकीजकडून 1979 ला 21 आणि 1980 ला 22. वेग त्यांच्याकडे कधीच फारसा नव्हता. त्यांचं हत्यार सिंकर, म्हणजे फलंदाजापाशी येता येता खाली बसणारा चेंडू. तो मारला तरी जमिनीवरच घरंगळत जातो. 1989 मध्ये थांबले तेव्हा 46 वर्षांचे होते. तोवर त्यांच्या दाताच्या डॉक्टरांचा मुलगा मोठा होऊन समोर बॅट घेऊन उभा राहिला होता. तो मार्क मॅग्वायर. एकूण 26 हंगाम आणि 288 विजय. त्यांतले 164 शस्त्रक्रियेनंतरचे. कोफॅक्सचे सगळ्या कारकिर्दीचे मिळून 165.

कोफॅक्सला 36 व्या वर्षीच कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं. जॉनना अजून घेतलेलं नाही. 75 टक्के मतं लागतात, त्यांना सर्वाधिक मिळाली ती 2009 मध्ये, 31.7 टक्के. डिसेंबर 2024 मध्ये समितीपुढे नाव आलं, तेव्हाही हुकलं. डॉ. जोब यांचा मात्र 2013 मध्ये तिथे सन्मान झाला. तो योग्यच होता. जावई म्हणतात, जॉन 'फक्त टिकले', कोफॅक्ससारखे दिपवणारे नव्हते. मला तो 'फक्त' पटत नाही आणि यावरून आमचं जेवणाच्या टेबलावर दोनदा वाजलंय.

आता ओहतानी. लेखात 'शस्त्रक्रियेनंतर तो दमदारपणे परतला' एवढ्या एका वाक्यात काम उरकलंय. शस्त्रक्रिया ऑक्टोबर 2018 मध्ये झाली. 2019 मध्ये त्यानं फलंदाजी केली, पण पिचर म्हणून एकही चेंडू टाकला नाही. 2020 मध्ये दोनच सामने, आणि दोन्ही मिळून दोन डावही पूर्ण टाकता आले नाहीत. सर्वोत्तम खेळाडू ठरला तो 2021 मध्ये. मधल्या दोन वर्षांना तुमच्या लेखात दोन ओळी तरी मिळायला हव्या होत्या. मुलांचे आईबाप क्रीडा पान वाचतात आणि शस्त्रक्रिया म्हणजे गाडीचा पार्ट बदलणं असं समजून आमच्याकडे येतात.

दुरुस्तीला जागा कमी असेल तर एवढंच करा, टॉमी जॉन यांच्या नावामागचं 'डॉ.' काढा आणि ते फ्रँक जोब यांच्या नावामागे लावा.

आपली,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, मिरज