गुलाबी शेवाळ पार केलं, मंग्या!

प्रिय मंग्या,

काल रात्री अकराला मी धरण पार केलं. आठच्या आठ बॉम्ब निकामी, घड्याळात नऊ सेकंद शिल्लक. घरात सगळे झोपलेले, म्हणून ओरडता आलं नाही. ओरडलो असतो तर तुझ्याच नावाने. सकाळी उठून चहाआधी हे लिहायला बसलोय.

कुठलं धरण, हे तुला सांगायला नको. तुमच्या माजघरात टीव्ही गेमची ती पिवळी कॅसेट फुंकर मारून घालायची, आणि मे महिन्याची अख्खी सुट्टी आपण चार कासवांच्या त्या निन्जा टर्टल्सच्या दुसऱ्या स्टेजला अडकलेले. गेम कोनामीचा, १९८९ सालचा. अमेरिकेत तो अल्ट्रा गेम्स या नावाखाली विकला गेला, हे मला आत्ता कळलं. आपल्या कॅसेटवर कुणाचंच नाव नव्हतं. हडसन नदीवरचं धरण, पाण्याखाली आठ बॉम्ब, हातात २ मिनिटं २० सेकंद, आणि मध्ये ते गुलाबी शेवाळ.

इतक्या वर्षांनी पुन्हा खेळताना एक गोष्ट प्रथमच नीट दिसली. ते शेवाळ काहीच करत नाही रे. बाकीचे शत्रू चालून येतात, उड्या मारतात, काहीतरी फेकतात. हे जागच्या जागी उभं. आपणच जाऊन त्याला लागतो, आणि लागलो की करंट बसून लाइफची पट्टी झरझर उतरते. त्यात पाण्याखाली हत्यार चालत नाही. तलवार पाठीशी असून उपयोग शून्य. त्याला मारता येत नाही, फक्त चुकवता येतं. ज्याने हे रचलं त्याला पाणी कळलं होतं, असं मला मनापासून वाटतं. बटण सोडलं की कासव खाली बुडतं, दाबलं की वर उचललं जातं. त्या अरुंद बोगद्यात वरही शेवाळ, खालीही शेवाळ. घाईने दाबलं की डोकं वर टेकतं, दचकून थांबलं की पाय खाली टेकतात. खरी मारामारी आपल्या अंगठ्याशी.

म्हणून तर आपण रिमोट वाटून घेतला होता. डावीकडची दिशेची बटणं माझ्याकडे, वर उचलायचं बटण तुझ्याकडे. तू मोजायचास, "एक, दोन, थांब. एक, दोन, थांब." तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला असायचा आणि "थांब" म्हणताना तो ताठ व्हायचा. मी कान बंद ठेवूनही खेळू शकलो असतो.

आणि तुला अवजल, म्हणजे वीज तयार करून बाहेर सोडलेलं पाणी, आठवतं का? आपली समजूत अशी की धरणाच्या पाण्यात वीज उरतेच. पोफळीला वीज तयार झाली की कोयनेचं अवजल वाशिष्ठीत येतं, तशीच हडसनमधली वीज त्या शेवाळात मुरली असणार. तुझ्या आजोबांनी किती समजावलं, पाणी पातं फिरवतं आणि निघून जातं, वीज तारेतून जाते. आपण मान डोलावली. तरी त्या सुट्टीत घाटाच्या पायरीवरच्या शेवाळावर पाय ठेवायला दोघांचीही छाती झाली नाही. परवा लेकीने विचारलं, अशी वनस्पती खरंच असते का? म्हटलं, नाही गं, शेवाळाचा शॉक कुणाला बसत नाही. पण दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत विजेचा ईल मासा असतो, त्याचा झटका ८६० व्होल्टपर्यंत मोजलाय. तिला ते शेवाळच जास्त आवडलं.

आता मुख्य गोष्ट. आपलं भांडण. चार कासवांतलं कुठलंही खेळायला घेता यायचं, आणि पट्टी संपली की ते पकडलं जायचं. मी म्हणायचो, पाण्यात आधी राफाएलला उतरवू. त्याचं हत्यार आखूड, बाहेर त्याचा उपयोग कमी. तो पकडला गेला तरी चालेल, डोनाटेलोची लांब काठी पुढे लागणार. हिशेब बरोबरच होता. पण राफाएल तुझा होता. दर वेळी त्याची पट्टी संपताना तू बटणावरचा अंगठा काढून घ्यायचास आणि खिडकीकडे बघत बसायचास, आणि मी चिडायचो की लक्ष दे. जूनमध्ये काकांची बदली झाली, टीव्ही गेम तुमच्या सामानात गेला, आणि मी तुला एकदाही म्हटलं नाही की बरं, राफाएल राहू दे. दहा वर्षांच्या पोराला ते सुचत नाही. पण नंतरही सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

काल मी त्याला आधी नाही उतरवला. लिओनार्डोला घेऊन गेलो, मग मायकेलँजेलो. बोगद्यापाशी आल्यावर तोंडातून आपोआप निघालं, "एक, दोन, थांब." हळू आवाजात, पण तुझ्याच चालीत. पहिल्यांदाच लक्षात आलं की तू "थांब" जरा लांबवायचास. तेवढ्या वेळात कासव बरोबर मधोमध येतं. हे तुला तेव्हाच कळलं होतं का रे? मला कळायला इतकी वर्षं लागली.

शेवटच्या दोन बॉम्बना मात्र राफाएललाच नेलं. वाटलं, हे त्यानेच करायला हवं. दोनदा करंट बसला. तरीही बाहेर आला तेव्हा त्याची पट्टी निम्मी होती.

पुढची स्टेज मी खेळलो नाही. टीव्ही बंद केला. दिवाळीला तू चिपळूणला येशील तेव्हा पहिल्यापासून खेळू. काकूंना नमस्कार सांग, आणि येताना चष्मा आण. बटण तुझ्याकडे.

तुझा,
बंड्या