कॅटलान ही स्पॅनिशची बोली नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फुटबॉलच्या एका बातमीत बार्सिलोनाच्या प्रेक्षकांनी 'स्पॅनिशच्या कॅटलान बोलीत' घोषणा दिल्याचा उल्लेख आपल्या अंकात वाचला. मराठी वृत्तपत्रांत हा उल्लेख अधूनमधून होत असतो, म्हणून लिहिते आहे. कॅटलान ही स्वतंत्र भाषा आहे. ती स्पॅनिशसारखीच लॅटिनमधून आली, पण स्पॅनिशमधून फुटलेली नाही. तिचं सर्वांत जवळचं नातं आहे ते दक्षिण फ्रान्समधल्या ऑक्सितान भाषेशी. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच सुमाराला रामोन युल हा मायोर्काचा तत्त्वज्ञ कॅटलानमध्ये ग्रंथ लिहीत होता.

ती फक्त बार्सिलोनाची किंवा बार्सिलोना जिथे आहे त्या स्पेनच्या कॅटलोनिया प्रांताची भाषा आहे, हाही समज अपुराच. मायोर्का, मेनोर्का, इबिझा या बेटांवर ती बोलतात. व्हॅलेन्सियात तिला व्हॅलेन्सियन म्हणतात. तिथल्या बऱ्याच लोकांना 'कॅटलान' हे नाव रुचत नाही, पण दोन्हीकडची भाषा एकच असल्याचं तिथल्या अधिकृत भाषा अकादमीनेही मान्य केलं आहे. आरागॉन प्रांताच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातही ती ऐकू येते. पिरेनीज पर्वतातला चिमुकला अँडोरा हा तर असा देश, की जिथे कॅटलान ही एकमेव राजभाषा आहे. स्पेन आणि फ्रान्स यांच्यातल्या १६५९ च्या तहाने पिरेनीजपलीकडचा पेर्पिन्याँचा मुलूख फ्रान्सकडे गेला आणि १७०० साली चौदाव्या लुईने तिथल्या सरकारी कागदपत्रांतून ही भाषा हद्दपार केली. आज तिथे ती मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरली आहे, आणि काही खासगी शाळा ती मुलांपर्यंत पोहोचवायला धडपडत आहेत. इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं अल्गेरो शहर चौदाव्या शतकात आरागॉनच्या राजाने जिंकलं, मूळच्या रहिवाशांना बाहेर काढलं आणि तिथे कॅटलान लोक वसवले. त्यांची भाषा त्या शहरात अजून तग धरून आहे. सगळे मिळून सुमारे एक कोटी लोक ही भाषा बोलतात. डॅनिश बोलणाऱ्यांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी. तरीही डॅनिश युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे आणि कॅटलान नाही.

माझी मुलगी कॅटलोनियातल्या जिरोनाला राहते, त्यामुळे 'कोण बोलतं' या प्रश्नाबद्दल मला जास्त आस्था आहे. १९३९ ते १९७५ या स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत शाळा, कचेऱ्या, न्यायालयं यांत कॅटलानला मज्जाव होता. बाळाचं नाव 'जॉर्डी' नोंदवता येत नसे, कागदोपत्री ते 'होर्हे' करावं लागे. एका अख्ख्या पिढीला घरात बोलली जाणारी भाषा लिहिता येईना. त्याच काळात आंदालुसियासारख्या गरीब प्रांतांमधून लाखो स्पॅनिशभाषक मजूर कॅटलोनियातल्या कारखान्यांत आणि बांधकामांवर कामाला आले. बार्सिलोनाला लागून असलेलं सांता कोलोमा दे ग्रामेनेत हे त्यांनी भरलेलं गाव. आपली मुलं मागे पडू नयेत म्हणून त्यांना संपूर्ण शिक्षण कॅटलानमधून द्या, अशी मागणी इथल्याच स्पॅनिशभाषक आईबापांनी केली आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारी शाळेत ते सुरू झालं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आज कॅटलान बोलणाऱ्यांत अशा मजुरांची मुलं-नातवंडं आहेत, मोरोक्को, रोमानिया, पाकिस्तानातून आलेल्यांची मुलं आहेत, आणि माझी नातही आहे. ती घरी मराठी बोलते आणि शाळेत गणित कॅटलानमधून शिकते.

मात्र भाषेचं दुखणंही इथेच आहे. कॅटलोनियाच्या सरकारी पाहणीनुसार २००३ मध्ये ४६ टक्के लोकांची रोजच्या व्यवहाराची भाषा कॅटलान होती, २०२३ मध्ये हे प्रमाण ३२.६ टक्क्यांवर आलं. बोलता येणारे सुमारे ८० टक्के आहेत, म्हणजे येत असूनही लोक ती बोलत नाहीत. याचं एक कारण स्थलांतर, आणि दुसरं मी बाजारात डोळ्यांनी पाहिलं. तिथे पावावर चोळायला खास टोमॅटो मिळतात, दोरीत ओवून टांगून ठेवलेले. मुलीने ते कॅटलानमध्ये मागितले. भाजीवाल्या काकूंनी तिचा चेहरा पाहिला आणि उत्तर दिलं स्पॅनिशमध्ये. त्यात तिरस्कार नव्हता, पाहुणीची सोय बघण्याची सवय होती. मुलगी कॅटलान सोडेना. वजन करून होईपर्यंत काकूही कॅटलानवर आल्या आणि कुठला टोमॅटो किती दिवस टिकेल ते खुलवून सांगू लागल्या. दिसायला परका माणूस आपली भाषा बोलूच शकणार नाही, असं त्या समाजाने गृहीत धरलं तर ती भाषा चार भिंतींत कोंडली जाईल. तिच्या रक्षणासाठी इतके कायदे होऊनही तिला खरा धोका या गृहीतकाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याला दोन विनंत्या. एक, कॅटलानचा उल्लेख यापुढे 'भाषा' असाच व्हावा. दुसरी, परदेशी शिक्षणाच्या पुरवणीत बार्सिलोनाबद्दल लिहाल तेव्हा तिथल्या विद्यापीठांत पदवीचे बरेच वर्ग कॅटलानमधून चालतात, हे मुलांना आधीच सांगा. नुसती स्पॅनिश शिकून गेलेली मुलं पहिल्या सत्रात गांगरतात. तिथे प्रौढांसाठी सरकारी भाषावर्ग आहेत. शिवाय शिकणाऱ्याची एखाद्या स्थानिक स्वयंसेवकाशी जोडी लावून दिली जाते आणि दोघं आठवड्यातून एकदा भेटून फक्त कॅटलानमध्ये गप्पा मारतात. माझ्या मुलीला या गप्पांचा वर्गापेक्षा जास्त उपयोग झाला. पुढच्या प्रवेशांच्या आधी ही माहिती छापलीत तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, पुणे