पैठणच्या कैद्यांना पिल्लं द्या

महोदय,

साखरेच्या आजारानं माझी नजर जाऊन चार वर्षं झाली. गल्लीतला मोत्या उघडी नाली आली की माझ्या पायात आडवा होतो. कुणी शिकवलं नाही त्याला (भाकरीचा तुकडा मात्र वसूल करतो!). अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या महिला तुरुंगात १९८१ पासून कैदी दिव्यांगांसाठी कुत्री तयार करतात. न्यूयॉर्कमध्ये १९९७ पासून तर पिल्लू कैद्याच्याच कोठडीत वाढतं; पडलेली वस्तू उचलून द्यायला, दिवा लावायला शिकतं. आपल्या पैठणच्या खुल्या कारागृहात कैदी शेती करतातच की. त्यांच्याकडं दोन-चार पिल्लं देऊन बघायला काय हरकत आहे? मोत्या म्हातारा झालाय, यंदा त्यालाच नीट दिसंना.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई