मूळ फोन न बघताच तज्ज्ञाची साक्ष

मा. संपादक,
स.न.

संगणक तज्ज्ञांच्या साक्षीवरचा आपल्या मंगळवारच्या अंकातला लेख काल दोनदा वाचला. कोर्टाला अशी माणसे लागतात हे मलाही मान्य आहे. पण ‘तज्ज्ञ कोणत्याही बाजूचा नसतो’ हे वाक्य लेखकाने कुठल्या कोर्टात बसून लिहिले, ते त्यांनी सांगावे.

माझ्या पत्नीने मार्च २०२२ मध्ये नात्यातल्या एकाला दुकानासाठी तीन लाख रुपये दिले. कागद केला नाही, घरचाच माणूस म्हणून. त्याने व्हॉट्सॲपवर बोलून पाठवले होते, ‘‘वयनी, चवथीआदीं पयशे दितां.’’ म्हणजे वहिनी, गणेश चतुर्थीआधी पैसे देतो. तिचे उत्तर, ‘‘सवकास दी, पूण विसरूं नाका.’’ मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. पुढच्या वर्षी ती गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये मी दावा घातला. नवा साक्ष कायदा १ जुलैला लागू झालेला, म्हणून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावे लागते ते कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडले. भाग अ वर माझी सही, भाग ब वर तज्ज्ञाची.

प्रतिवादीने आपला तज्ज्ञ बाहेरून आणला. कोर्टात दोन्ही संदेश वाजवले, तेव्हा तिचा आवाज ऐकून मला बाकाची कड धरावी लागली. हा गृहस्थ म्हणाला, हल्ली असे आवाज संगणकावर तयार करता येतात, शक्यता नाकारता येत नाही. आमच्या वकिलांनी विचारले, मूळ फोन पाहिलात? नाही. पेन ड्राइव्हवरच्या फाइलचा हॅश फोनमधल्या फाइलशी ताडून पाहिलात? नाही. कोंकणी कळते? नाही. मग मत कशावरून दिले? पुन्हा तेच, शक्यता नाकारता येत नाही.

हॅश म्हणजे फाइलचा ठसा. शा-२५६ पद्धतीने काढला तर चौसष्ट अक्षरी येतो आणि फाइलमध्ये कणभर फरक झाला तरी सगळा बदलतो. आवाज कोणाचा ते त्यातून कळत नाही, हे मला माहीत आहे. पण फोनमधली फाइल आणि कोर्टातली फाइल एकच आहे की नाही, एवढे तर काही मिनिटांत कळले असते. फोन माझ्या पिशवीत होता, त्याच दालनात, त्याच्यापासून दहा पावलांवर. तज्ज्ञाच्या मताइतकाच त्या मताचा आधारही महत्त्वाचा, असे कायदाच सांगतो. न तपासता दिलेल्या मताला आधार कसला? माझे म्हणणे एवढेच की मूळ वस्तू हाताळली की नाही, हे तज्ज्ञाने साक्षीच्या पहिल्याच वाक्यात सांगावे आणि हाताळली नसेल तर तिच्या खरेखोटेपणाबद्दल बोलू नये.

आणि तज्ज्ञ कोणाला म्हणायचे? भाग ब वर तज्ज्ञाची सही हवी असे कलम ६३ म्हणते, पण तो तज्ज्ञ काय शिकलेला असावा ते तिथे लिहिलेले नाही. डिचोलीहून कदंब बसने फेऱ्या मारून मी चार जणांना भेटलो. चौघांचे दर वेगळे, आणि चौघेही स्वतःला तज्ज्ञच म्हणवत होते.

आता आमच्याच तज्ज्ञाबद्दल, कारण तेही मनात सलते आहे. दोन संदेशांसाठी त्याने अख्ख्या फोनची प्रत काढली. त्यात तिच्या आजारपणातले फोटो आहेत, केस गेलेले, जे तिने मुलीशिवाय कोणाला दाखवले नव्हते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली सांगितले. मी त्याला विचारले, ती प्रत कुठे आहे? म्हणाला, ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर असेल. पुसून टाका म्हटले, तर केस संपेपर्यंत ठेवावी लागेल म्हणाला. दोन संदेश ठेवा, बाकीचे पुसा, असे सांगून तीन महिने झाले. काल पुन्हा फोन केला, तो त्याने उचलला नाही.

आपला,
एक वाचक, डिचोली